नाव शहराचं, घाम डोंगराचा

पोर्तोच्या नावावर जगभर विकली जाणारी वाइन पोर्तोत पिकत नाही. ती पिढ्यान् पिढ्या मुरत आली, तीही पोर्तोत नाही. तिची द्राक्षं दोउरो नदीच्या वरच्या खोऱ्यात, शहरापासून शंभरेक किलोमीटर आत, दगडी डोंगरउतारांवर वाढतात. तिची पिंपं ठेवली जातात नदीच्या पलीकडच्या काठावर, विला नोवा द गाया या वेगळ्या नगरपालिकेच्या हद्दीत. मग पोर्तोच्या वाट्याला काय आलं? नाव आलं, व्यापार आला, जकात आली आणि त्या पैशातून हे ग्रॅनाइटचं शहर उभं राहिलं. पोर्तुगालमधलं हे दुसऱ्या क्रमांकाचं शहर पायी पाहायचं तर एक प्रश्न मनाशी धरूनच पाहावं, असं मला वाटतं: माल कुणाचा, नाव कुणाचं आणि नफा कुणाचा?

पायी सफरींचे बरेच गट ‘लिबरदाद’ चौकातून निघतात. आमची गाईड गायाची, तिशीतली, इतिहास शिकलेली. तिचे आजोबा पिंपं बांधणाऱ्या कारागिरांपैकी. गटात ब्राझीलचं एक जोडपं होतं, काही जर्मन विद्यार्थी होते आणि पुण्याचे आम्ही दोघं. चौकात घोड्यावर बसलेल्या चौथ्या पेद्रो राजाचा पुतळा आहे. हाच ब्राझीलचा पहिला सम्राट. भाऊ मिगेलने गादी बळकावली म्हणून तो १८३२ मध्ये फौज घेऊन पोर्तोत उतरला आणि वर्षभर शहराला वेढा पडला. शहराने उपासमार सोसली, पटकीची साथ सोसली, पण दार उघडलं नाही. पेद्रोने मृत्यूनंतर आपलं हृदय या शहराला दिलं. ते आजही इथल्या लापा चर्चमध्ये जतन केलेलं आहे. ब्राझीलच्या स्वातंत्र्याला दोनशे वर्षं झाली तेव्हा, २०२२ मध्ये, ते काही दिवसांसाठी तिकडे नेलं होतं. ब्राझीलच्या जोडप्याला हे सारं तोंडपाठ होतं. गाईडने पुढची गोष्ट सांगितली ती मात्र त्यांनाही नवी होती. वेढा उठता उठता, ऑगस्ट १८३३ मध्ये, मिगेलच्या सैन्याने गायातल्या वाइनच्या कोठारांना आग लावली आणि वाइन लोंढ्याने नदीला मिळाली. शहर हाती येत नाही म्हटल्यावर शहराची तिजोरी जाळायची, आणि तिजोरी होती ती पिंपांत.

चौकाच्या खालच्या अंगाला साओ बेंतो रेल्वे स्टेशन आहे. इथे पूर्वी बेनेडिक्टिन जोगिणींचा मठ होता. १८३४ मध्ये पोर्तुगालने मठ बंद केले, पण आत राहणाऱ्या जोगिणींना हयातभर राहू द्यायचं ठरलं. शेवटची जोगीण १८९२ मध्ये वारली, त्यानंतरच रेल्वेला जागा मोकळी मिळाली. स्टेशनाच्या दालनात जोर्जे कोलासो या चित्रकाराच्या वीसेक हजार निळ्या-पांढऱ्या टाइल्स आहेत. त्यांत लढाया आहेत, १४१५ ची सेउता मोहीम आहे, राजांची लग्नं आहेत. लोक मान वर करून तेवढंच पाहतात आणि फोटो काढून निघून जातात. गाईडने आम्हाला खालच्या, लहान चित्रांपाशी नेलं. तिथे द्राक्षतोडणी आहे, नदीतून पिंपं वाहून नेणारी माणसं आहेत. १९१६ मध्ये पुऱ्या झालेल्या या स्टेशनात राजांच्या बरोबरीने राबणाऱ्यांना भिंत मिळाली याचं श्रेय कोलासोला द्यायला हवं.

तिथून चढ चढून कॅथेड्रलपाशी गेलो. या चर्चमध्ये १३८७ मध्ये पहिल्या जुआंव राजाचं लग्न इंग्लंडच्या फिलिपाशी झालं. आदल्याच वर्षी दोन्ही देशांत मैत्रीचा तह झाला होता, आणि ती मैत्री अजून मोडलेली नाही. इंग्रज व्यापारी पोर्तोत हातपाय पसरू शकले ते या मैत्रीच्या आधारावर. तीनशे वर्षांनी तिचा धागा थेट आपल्यापर्यंत पोचतो. १६६१ च्या विवाहकराराने पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सला दिली गेली. त्या करारात मुंबई बेट आंदण होतं आणि इंग्रज व्यापाऱ्यांना पोर्तुगालमध्ये आधीच्या तहांनी मिळालेल्या सवलतीही त्यातच पक्क्या झाल्या. मुंबईचा ताबा इंग्रजांकडे गेला १६६५ मध्ये. म्हणजे मुंबईतली इंग्रजांची सत्ता आणि पोर्तोतला इंग्रजांचा वाइनव्यापार, दोघांचे कागद एकाच बासनातले. त्याच १६६१ साली शिवाजी महाराजांनी राजापूरची इंग्रजांची वखार लुटली होती. आपल्याकडे वखारींना तलवारीचा धाक होता. इथे त्यांना राजाश्रय होता.

ती इथली वखार पाहायला आम्ही उताराच्या गल्ल्यांतून खाली उतरलो. इन्फांत दों एनरिक या रस्त्याचं जुनं नाव ‘इंग्रजांचा नवा रस्ता’. १७८५ ते १७९० या काळात इंग्लंडचा वाणिज्यदूत जॉन व्हाइटहेड याने इथे व्यापाऱ्यांची वखार बांधली. खाली कमानी, वर उंच खिडक्या आणि अंगावर एकही भपकेबाज नक्षी नाही. सामान्य माणसाला आत सहजासहजी प्रवेश नाही, म्हणून गाईडने रस्त्यावर उभं राहूनच वर्णन केलं. आत एकाला लागून एक अशी दोन भोजनदालनं आहेत, दोन्ही सारख्या मापाची, दोन्हींत लांबलचक टेबलं. एका दालनात जेवण होतं. मग सगळे आपला नॅपकिन उचलून दुसऱ्या दालनात जातात आणि तिथे पोर्ट वाइन घेतात, का, तर अन्नाच्या वासाने वाइनचा गंध बिघडू नये. वाइनचं एवढं कोडकौतुक करणारी वास्तू जगात दुसरी असेल असं वाटत नाही. पण तिच्या दारात उभं राहिल्यावर मला वरच्या खोऱ्यातल्या माणसाची आठवण येत होती, ज्याच्या घरात चूल, निजायची जागा आणि जेवायची जागा पिढ्यान् पिढ्या एकच होती.

या व्यापाराला खरी गती मिळाली ती फ्रान्सशी इंग्लंडचं बिनसल्यामुळे. फ्रेंच वाइनवर बंदी आली, जबर कर बसले आणि इंग्रज व्यापारी पोर्तुगालकडे वळले. १७०३ च्या मेथुएन कराराने सौदा पक्का झाला: इंग्लंडचं लोकरी कापड पोर्तुगालमध्ये येईल आणि पोर्तुगालच्या वाइनवर फ्रेंच वाइनच्या दोन तृतीयांशांहून जास्त कर लागणार नाही. मागणी एवढी वाढली की भेसळ सुरू झाली. काळपट रंग यावा म्हणून वाइनमध्ये एल्डर नावाच्या झाडाची बोरं कुस्करून घालू लागले. माल बदनाम झाला, भाव कोसळले आणि मार बसला तो शेतकऱ्याला.

इथे पोंबालचा मार्केस इतिहासात उतरतो. १७५५ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालेलं लिस्बन पुन्हा बांधायला घेणारा हाच मंत्री. त्याने १७५६ मध्ये दोउरोच्या द्राक्षमळ्यांसाठी सरकारी कंपनी काढली, कोणत्या जमिनीची वाइन निर्यातीच्या लायकीची हे ठरवलं आणि त्या जमिनीच्या सीमेवर ग्रॅनाइटचे ३३५ खांब रोवले. त्यांतले कित्येक अजून मळ्यांत, घरांच्या भिंतींत, रस्त्याच्या कडेला उभे आहेत. एल्डरची झाडं उपटून टाकण्याचा हुकूम निघाला. गाईड लोक याला ‘जगातली पहिली सीमांकित वाइन’ म्हणतात. तेवढं मात्र खरं नाही. इटलीत किआंतीची सीमा १७१६ मध्येच ठरली होती, हंगेरीत तोकाईचीही दोउरोच्या आधीच. दोउरोचं मोठेपण वेगळं आहे. सीमेबरोबर इथे नियमही आले आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणारी यंत्रणाही आली. आज फेरेइरा बोर्जेस रस्त्यावरच्या वाइन संस्थेच्या इमारतीत सरकारी परीक्षक वाइन चाखतात, प्रयोगशाळा ती तपासते, आणि दोघांनी मान्यता दिल्याशिवाय बाटलीच्या मानेवर हमीची पट्टी चिकटत नाही.

पण या शिस्तीची किंमत कुणी मोजली, हे सफरीत क्वचितच सांगितलं जातं. आमच्या गाईडने सांगितलं, याबद्दल मी तिची ऋणी आहे. पोर्तो शहरात किरकोळ वाइन विकण्याचा मक्ताही कंपनीकडे गेला होता. गुत्ते बंद पडले, गरिबाचा प्याला महागला. फेब्रुवारी १७५७ मध्ये गुत्तेवाले, कारागीर, बायाबापड्या रस्त्यावर आल्या आणि त्यांनी कंपनीच्या कचेरीवर हल्ला केला. पोंबालने याला राजद्रोह ठरवलं, शहरात फौज आणून बसवली आणि कित्येकांना फासावर चढवलं. दोउरोचं नाव जपलं गेलं हे खरं. त्या सीमेचं राजकारण रक्ताने माखलेलं होतं, हेही तितकंच खरं. दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगितल्या तरच पोंबालला न्याय मिळतो, आणि त्या फासावर गेलेल्यांनाही.

नावाचं मोल काय असतं हे आपल्याला आता कळू लागलं आहे. गोव्यात अजून ‘पोर्ट वाइन’ म्हणून गोड लाल वाइन मिळते. घराघरांत अशक्त माणसाला, बाळंतिणीला ती घोटभर देण्याची रीत होती. तिच्यात दोउरोचं एकही द्राक्ष नसतं. युरोपच्या कायद्याने ‘पोर्ट’ हे नाव दोउरोच्या सीमेबाहेरच्या कुठल्याही वाइनला लावता येत नाही. आपल्या नाशिक खोऱ्यातल्या वाइनलाही भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि महाराष्ट्राचं द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ चं आहे. मानांकन हा कागद झाला. त्यावर देखरेख कोण ठेवतं आणि त्यातून शेतकऱ्याच्या पदरात काय पडतं, हे प्रश्न पुढचे. ते दोउरोत अडीचशे वर्षांनंतरही संपलेले नाहीत.

जवळच व्यापाऱ्यांनी १८४२ पासून बांधत नेलेला शेअर बाजाराचा राजवाडा आहे. त्याचं सोन्याने मढवलेलं अरबी दालन प्रसिद्ध आहे. माझं मन त्यात रमलं नाही. शेजारच्या साओ फ्रान्सिस्को चर्चमधलं सोनेरी लाकडी कोरीवकाम मात्र वेळ काढून बघावं.

मग नदी आली. रिबेइरा म्हणजे पोर्तोचा जुना धक्का: अरुंद, उंच, रंगीत घरं आणि खाली खुर्च्या मांडलेली हॉटेलं. गाईडने वर बोट दाखवलं. ज्या खिडकीबाहेर कपडे वाळत आहेत, त्या घरात कुणीतरी राहतंय असं समजा, ती म्हणाली. बाकीची घरं पर्यटकांना भाड्याने गेलेली. जुन्या वस्तीतली माणसं भाडी परवडत नाहीत म्हणून शहराबाहेर हुसकली जात आहेत. १९९६ मध्ये युनेस्कोने हा भाग जागतिक वारसा ठरवला. वारसा वाचला, वारसदार चालले. आमच्यासारखे पाहुणेही त्याला कारण आहेत, हे लक्षात ठेवूनच तिथे फिरायला हवं.

धक्क्याच्या भिंतीत एक काशाचं शिल्प आहे. त्यापुढे मेणबत्त्या लावतात, फुलं ठेवतात. २९ मार्च १८०९ रोजी नेपोलियनचा सेनापती सूल्त शहरात घुसला. जीव वाचवायला लोक होड्यांच्या पुलावरून गायाकडे धावले. पूल मोडला आणि हजारो माणसं बुडाली. मी उभी होते तेवढ्यात भाजीची पिशवी घेतलेली एक म्हातारी आली. तिने विझलेली मेणबत्ती शेजारच्या जळत्या मेणबत्तीवर धरून पेटवली, क्रूस केला आणि पिशवी उचलून चालू पडली. दोनशे वर्षांपूर्वी बुडालेल्यांसाठी बाजारातून घरी जाता जाता केलेलं एवढंसं काम. पोर्तोत मी जे जे पाहिलं त्यात मला हे सर्वांत मोलाचं वाटतं.

पुढची हकीकत मराठी माणसाने कान देऊन ऐकावी. त्या दुर्घटनेनंतर सहा आठवड्यांनी, १२ मे १८०९ रोजी, इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली गायाच्या काठावर येऊन उभा राहिला. समोर सूल्त. पूल नाही, आणि होड्या फ्रेंचांनी पलीकडे ओढून नेलेल्या. एका स्थानिक न्हाव्याने सांगितलं, की पलीकडच्या काठाला वाइन वाहणारे पडाव बांधलेले आहेत आणि त्यांच्यावर पहारा नाही. तो स्वतः एका इंग्रज अधिकाऱ्याला घेऊन नदीपार गेला आणि पडाव आणले. प्रत्येक खेपेला तीसेक शिपाई, अशा फेऱ्या होत राहिल्या. फ्रेंचांना कळेपर्यंत इंग्रजांनी पलीकडची सेमिनरी ताब्यात घेतली होती. हा वेलस्ली आपल्या ओळखीचा. सहा वर्षांपूर्वी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, त्याने आजच्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांचा पराभव केला होता. तिथेही आडवी नदी होती, केळणा. समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसतात म्हणजे मध्ये उतार असणारच, असा अंदाज त्याने बांधला आणि तो बरोबर निघाला. असईला गावांनी वाट दाखवली, पोर्तोला वाइनच्या पडावांनी. दोन्हीकडे नदीकाठची माणसं रोज जिथून ये-जा करत होती, तिथून सैन्य उतरलं. त्या न्हाव्याचा पुतळा मला कुठे दिसला नाही.

पुढे लोखंडी पुलाकडे चालत गेलो. दों लुईश पूल १८८६ चा, आयफेलचा माजी भागीदार तेओफिल सेरिग याच्या हातचा. १७२ मीटरची एकच कमान आणि दोन मजले: वर मेट्रो आणि चालणारे, खाली वाहनं आणि चालणारे. वरच्या मजल्यावरून चालताना दोन्ही काठ एकदम नजरेत येतात आणि हा व्यापार डोळ्यांपुढे उलगडतो. इकडे चढावर दाटलेली घरं, कॅथेड्रल आणि वखारीचा रस्ता. तिकडे उताराला लागून लांबच लांब लाल कौलांची कोठारं, छपरांवर कंपन्यांची नावं, त्यांतली बरीच इंग्रजी. गायाचा उतार उत्तरेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन कमी आणि गारवा जास्त. शिवाय पोर्तोत बिशपचे कर चुकवावे लागत, ते गायात वाचत. म्हणून कोठारं तिकडे गेली.

धक्क्याला राबेलो नावाच्या होड्या बांधलेल्या आहेत: सपाट तळ, एकच चौकोनी शीड, मागे सुकाणूचं लांबलचक वल्हं. आज त्या केवळ जाहिरातीपुरत्या. दोउरोला धरणं नव्हती तेव्हा खडक आणि धबधब्यांतून पिंपं याच होड्यांनी खाली येत. परत वर जाताना वारा पडला की काठावरून बैलांनी किंवा माणसांनी दोर लावून होडी ओढायची. कित्येक नावाडी बुडाले. त्यांची नावं कुठे नाहीत. १८६१ मध्ये बॅरन फॉरेस्टर बुडाला ते मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. स्कॉटिश वंशाचा हा व्यापारी. त्याने दोउरोचा नकाशा काढला, भेसळीविरुद्ध आवाज उठवला. वालेइराच्या धबधब्यात होडी उलटली. कमरेच्या पट्ट्यातल्या सोन्याच्या नाण्यांनी त्याला तळाशी ओढलं, असं सांगतात. त्याच होडीत दोना आंतोनिया फेरेइरा होती. ती वाचली, तिच्या फुगीर घागऱ्याने तिला तरंगतं ठेवलं म्हणतात. अकाली विधवा झालेली ही बाई पुढे दोउरोची सर्वांत मोठी मळेवाली झाली. मुळांना कीड लागून मळेच्या मळे वाळले त्या काळातही तिने जमिनी घेतल्या, बांध घातले, माणसांना काम दिलं. खोऱ्यात तिला अजून मायेने ‘फेरेइरिन्या’ म्हणतात.

कोठारात शिरलं की अंगाला गारवा लागतो आणि ओलसर लाकडाचा, सुक्या फळांचा वास येतो. एका दाराच्या चौकटीशी पुराच्या खुणा कोरल्या होत्या. १९०९ ची खूण माझ्या डोक्याच्या कितीतरी वर. आत काळवंडलेली पिंपं रांगेने निजवलेली, साधारण साडेपाचशे लिटरची एकेक. त्यातली वाइन कशी होते हे समजून घेण्यासारखं आहे. जुन्या पद्धतीत वरच्या खोऱ्यातच द्राक्षं दगडी हौदात पायांनी तुडवतात. माणसं एकमेकांच्या खांद्यांवर हात टाकून ओळीने तासन् तास पावलं टाकतात. रस आंबायला लागतो. दोनतीन दिवसांत, साखर निम्मी उरली असतानाच त्यात द्राक्षाचा कडक अर्क ओततात, चार भाग रसाला एक भाग. आंबणं तिथेच थांबतं. गोडी राहते आणि वाइन एकोणीस-वीस टक्क्यांची होते. मोठ्या पात्रात थोडी वर्षं ठेवलेली ती गडद लाल राहते. लहान पिंपात दहा-वीस वर्षं ठेवली की लाकडातून हवा लागून तिचा रंग विटकरी होत जातो. वीस वर्षांची वाइन मी खिडकीसमोर धरली. पेल्याच्या मध्यभागी तांबूस, कडेला जवळजवळ सोनेरी. जिभेवर सुक्या अंजिराची आणि अक्रोडाची चव बराच वेळ राहिली. एवढ्या वर्षांत पिंपातली काही वाइन हवेत उडून जाते. गाईडचे आजोबा लाकडावर टिचकी मारून किती उरली ते सांगत.

आणि इथेच तिने ती गोष्ट सांगितली जी चाखण्याच्या टेबलांवर कुणी सांगत नाही. १९२६ च्या कायद्याने पोर्ट वाइनची निर्यात गायातूनच करायची असं बंधन घातलं. भेसळ थांबावी हा हेतू चांगला होता. पण परिणाम असा झाला, की ज्याच्या गायात कोठार नाही त्या लहान मळेवाल्याने आपली वाइन कंपनीलाच विकायची, कंपनी सांगेल त्या भावाला. साठ वर्षं हे चाललं. १९८६ मध्ये नियम बदलला, तेव्हा मळेवाल्याला स्वतःच्या नावाने, स्वतःच्या मळ्यातून वाइन परदेशी पाठवता येऊ लागली. द्राक्ष बागाइतदारांच्या आपल्या गावांत हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

म्हणून पोर्तोला जाणाऱ्यांना माझं आग्रहाचं सांगणं आहे. सफर पायी करा, गाईडला प्रश्न विचारा, धक्क्यावरच्या काशाच्या शिल्पापाशी थांबा, कोठार पाहा. पण तिथूनच परत फिरू नका. साओ बेंतोहून दोउरोची गाडी धरा आणि पिन्यावपर्यंत जा. साधारण अडीच तास लागतात. जाताना उजव्या हाताची खिडकी मिळवा, कारण नदी त्याच बाजूला असते. पिन्यावच्या स्टेशनावर द्राक्षतोडणीची चित्रं असलेल्या टाइल्स आहेत आणि बाहेर पडलं की चारी बाजूंना हातांनी रचलेले दगडी बांध. तिथल्या एखाद्या लहान मळेवाल्याकडे जा आणि बाटली घ्यायचीच असेल तर त्याच्या हातून घ्या.